वजनं टांगलेलीच होती

१

सोमवारी सकाळी मिस्त्रींनी प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि ते उंबऱ्यातच थबकले. मी त्यांच्या मागे होतो. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात डबा, काखेत पुस्तक, त्यामुळे मला पुढचं काही दिसत नव्हतं. पण काहीतरी चुकलंय एवढं मलाही कळलं. भट्टीची घरघर ऐकू येत नव्हती.

वर्षाहून अधिक काळ ती घरघर रात्रंदिवस चालू होती; शनिवारी संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हाही होती. तिची इतकी सवय झाली होती की ती बंद पडल्यावरच खोलीत भिंतीवर घड्याळ आहे हे मला समजलं.

"मेलो," मिस्त्री म्हणाले.

खोलीच्या मधोमध एक उंच लोखंडी सांगाडा आहे. त्यात करंगळीएवढी पोलादी सळई उभी धरलेली असते, तिच्याभोवती भट्टी असते, आणि वरच्या तरफेच्या दुसऱ्या टोकाला चकत्यांसारखी वजनं टांगलेली असतात. तापलेली सळई त्या ओझ्याखाली लांबत जाते, पण इतकी सावकाश, की डोळ्यांना दिसत नाही. एक नाजूक डायल ते दाखवते. वीजघरातल्या नळ्या किती वर्षं तग धरतील हे त्यावरून सांगता येतं. हे मला या सळईवर काम करणाऱ्या धाकटीने तीनदा समजावलं होतं. मी आयुष्यभर गणित शिकवलं, त्यामुळे हात काळे होतील असं कुठलंच ज्ञान माझ्याकडे नाही.

भट्टी दोन पाखांची होती. ती पुस्तकासारखी सताड उघडी होती. आतली सळई काळपट, थंड दिसत होती. गरमी उतरली की बोंबलणारा भोंगा खटका पाडून गप्प केलेला होता. वजनं मात्र तरफेला टांगलेलीच होती.

मिस्त्री सवयीने थेट तिकडे गेले. "आधी वजनं उतरवतो, मग बघू काय ते."

"नको!"

दारात धाकटी उभी होती. खांद्यावरची पिशवीही तिने खाली ठेवली नव्हती. "वजनांना हात लावू नका, मिस्त्री. कशालाच लावू नका."

एवढं बोलून ती भिंतीजवळच्या स्टुलावर बसली आणि जमिनीकडे बघत राहिली. मला वाटलं, बरोबर आहे, पुरावा जपायला हवा. रहस्यकथांमध्ये असंच सांगतात.

तेवढ्यात, ज्याला इथे सगळे पणजोबा म्हणतात, तो आला. हातात हेल्मेट, कपाळावर घाम. "सळई तुटली का?" हा त्याचा पहिला प्रश्न. मिस्त्रींनी नकारार्थी मान हलवली. मग प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर आले, तेही तेच विचारत आले, "सळई? सळई शाबूत आहे ना?" आणि आत नीट दिसावं म्हणून घाईघाईने भट्टीचं उजवं पाखं आणखी ओढायला लागले. ते हलेना.

"सर, डावीकडून. खिटी डावीकडे आहे," मिस्त्री म्हणाले. "ही नवी भट्टी. जुनी नळीसारखी होती."

"हो का," सर म्हणाले आणि हात रुमालाला पुसत मागे झाले. मग त्यांनी दाराचं कुलूप पाहिलं, आमच्या सगळ्यांकडे पाहिलं, आणि आवाज उतरवून म्हणाले, "कुलूप फोडलेलं नाही. या खोलीच्या चारच किल्ल्या आहेत. म्हणजे बाहेरचं कोणी नाही."

चार किल्ल्या. सर, मिस्त्री, पणजोबा, धाकटी. माझ्याकडे किल्ली नव्हती, म्हणून मी संशयितांत नव्हतो. या वयात एवढा मानही पुष्कळ झाला.

२

यांच्याविषयी थोडं सांगायला हवं.

धाकटी तशी काही धाकटी नाही; चौतीस वर्षांची आहे. पण प्रयोगशाळेत सगळ्यात शेवटी आली, म्हणून पणजोबाने ते नाव पाडलं. पणजोबा स्वतः त्रेचाळीसचा. त्याच्यासमोर विद्यार्थ्यांच्या चार पिढ्या पदव्या घेऊन गेल्या, आणि हा आहे तिथेच आहे, म्हणून पणजोबा. तो संगणकावर पोलादाची गणितं मांडतो. दोघेही पीएचडी झालेले, दोघेही पोस्टडॉक. म्हणजे काय, हे घरच्यांना समजावता समजावता माणूस म्हातारा होतो. शिक्षण तर संपलंय, नोकरी तर लागलेली नाही, आणि मधल्या ओसरीवर वर्षावर्षाच्या मुदतीने बसून राहायचं. धाकटीचे मामा दर भेटीत मनगट पुढे करतात. "डॉक्टर झालीस ना? मग नाडी बघ."

तिची इथली मुदत महिनाअखेरीला संपत होती. वाढवून मिळणार नव्हती. गेली दोन वर्षं ती जगभरच्या विद्यापीठांना अर्ज करत होती. पोलाद, धातू, यंत्रं, वीजघरं, जिथे म्हणून तिचं काम बसेल तिथे. उत्तरं यायची ती एकाच साच्यातली. अर्ज उत्तम होता, स्पर्धा फार होती, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा. काही ठिकाणांहून तेवढंही नाही. आणि पदवीला पाच वर्षं उलटली की बहुतेक जागांची दारं बंद होतात. तिची पाच वर्षं या उन्हाळ्यात भरत होती.

शेवटची एक जागा उरली होती. समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठातल्या प्राध्यापिकाबाईंनी तिला लिहिलं होतं, की तुमची ही एक सळई न थांबता दहा हजार तास टिकली, तर मला दुसऱ्या कोणाचा अर्ज वाचायची गरज वाटणार नाही. शुक्रवारी त्या पडद्यावरून मुलाखत घेणार होत्या. दहा हजाराला थोडेच दिवस उरले होते.

आणि सोमवारी भट्टी थंड.

दुपारी सरांनी मला खोलीत बोलावलं. सर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत, तरी त्यांच्यासमोर बसताना मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.

"काका, समिती नेमली तर गाजावाजा होईल. प्रकल्पाचा पैसा थांबेल. तुम्हीच जरा बघा."

"मी?"

"तुम्ही आयुष्यभर या गोष्टी वाचत आलात."

"वाचणं निराळं हो."

"आणि तुमच्याशी बोलताना कोणी सावध राहत नाही," सर म्हणाले.

ही स्तुती नव्हे हे मला कळलं. पण खरंच होतं ते. निवृत्तीनंतर मी या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात येऊन वाचत बसतो, कारण घरी कोणी नाही आणि इथे भट्टीमुळे ऊब असते. कपाटाशी जसं कोणी जपून बोलत नाही, तसं माझ्याशीही बोलत नाहीत.

"शुक्रवारच्या आत नाव द्या," सर म्हणाले. "त्या बाईंना काहीतरी सांगावं लागेल."

मी दारापर्यंत गेलो आणि कसा कोण जाणे, धीर करून वळलो. "सर, रविवारी तुम्ही कुठे होतात?"

सर माझ्याकडे बघतच राहिले.

३

"घरी," शेवटी ते म्हणाले. "बायकोही तसंच सांगेल. पण काका, प्रश्न योग्य आहे. ती जागा मिळाली नाही तर मुदत संपूनही ती बिनपगारी येत राहील, पण ती गेली तर ही खोली कुलुपात जाईल. नवा माणूस घ्यायला पैसा नाही. मीच तिला म्हणालो होतो, तू गेलीस की मी कारकून. गमतीत म्हणालो होतो."

"आणि गंमत नसेल तर?"

"तर मीही संशयित," ते म्हणाले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी शेवटचा या यंत्राला हात लावला त्याला किती वर्षं झाली, मलाही आठवत नाही. माझा हात फक्त सह्यांना."

मिस्त्री मागच्या वऱ्हांड्यात पाना पुसत होते.

"काका, लोक म्हणतील मिस्त्रीनेच केलं. मागच्या महिन्यात तिचं-माझं वाजलं होतं. भट्टीच्या तारा बदलायच्या होत्या मला. ती म्हणे, माझ्या सळईला धक्का लागेल. मी म्हटलं, बाई, सळई तुमची असेल, भट्टी माझी आहे."

"मग?"

"मग काय, बोलणं बंद. दोन दिवसांनी तिनेच चहा आणून दिला." त्यांनी पाना खिशात टाकला. "हे बघा, मला बंद करायचं असतं तर मी काय केलं असतं? आधी वजनं. कायम आधी वजनं. तरफ खाली आली तर माणसाचं पाऊल जातं. माझ्या आधीच्या माणसाचं गेलंय. झोपेतून उठवलंत तरी मी आधी वजनं उतरवीन."

"म्हणजे ज्याने केलं त्याला हे ठाऊक नव्हतं?"

"तेच तर कळत नाही," मिस्त्री डोकं खाजवत म्हणाले. "वजनं ठेवलीन टांगलेली, अडाण्यासारखी. पण डायल पाहिलीत का? नीट मागे सरकवून खिटी लावलेली. नाहीतर गार होताना सळई आकसते, डायलचा दांडा कटकन मोडला असता. भट्टीचीही एक वीट तडकलेली नाही. एका हाताने दंगा केलान आणि दुसऱ्या हाताने आवरून ठेवलंन."

हे मी ऐकलं, आणि त्यातलं जे ऐकायचं होतं नेमकं तेच सोडून दिलं. कारण लगेच मिस्त्री माझ्या कानाशी वाकले.

"एक सांगू? माझं नाव घेऊ नका. ती जागा आहे ना, समुद्रापलीकडची? तिथे पणजोबांनीही अर्ज टाकलाय. तिला पत्ता नाही."

४

पणजोबा संगणकापुढे बसला होता. पडद्यावर रंगीबेरंगी चौकटींची जाळी होती. बाजूला अर्धवट खाल्लेलं सफरचंद.

मी घसा साफ केला. दोनदा केला.

"काका, काय विचारायचं ते विचारा. तुमचा घसा बसेल."

"तूही तिथे अर्ज केला होतास."

तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता कंटाळा होता. कंटाळा पाहून मी जास्तच घाबरलो आणि घाबरलो की मी घाई करतो.

"तिची सळई दहा हजारावर पोचली असती तर तुझी जागा गेली असती. किल्ली तुझ्याकडे आहे. तू तिला सांगितलं नाहीस. मला... मला तसं म्हणायचं नाहीये, पण..."

"म्हणा की. म्हणालातच आहात."

खोलीत संगणकाचा पंखा तेवढा फिरत होता. दाराबाहेर कोणाची तरी पावलं थांबली आणि पुढे गेली. ते सर होते हे मला नंतर कळलं. त्यांनी ऐकलं होतं. पणजोबाच्या मुदतवाढीचा कागद त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता, आणि तो त्यांनी त्याच संध्याकाळी खणात टाकला.

"मी अर्ज केला," पणजोबा म्हणाला. "त्यांनी दुसऱ्याच दिवशी कळवलं, पदवीला फार वर्षं झालीत, बसत नाही. मग मी बसून धाकटीचा अर्ज तीनदा तपासला. तिला सांगितलं नाही कारण तिने उगाच वाईट वाटून घेतलं असतं. तिला वाईट वाटून घ्यायला निमित्त लागत नाही."

"मला ठाऊक नव्हतं."

"तुम्हाला बरंच ठाऊक नाही, काका." आता मात्र त्याचा आवाज चढला. "मला ती सळई नासवायची असती ना, तर दोन मिनिटांचं काम होतं. वजनं काढून घ्यायची. बस. गरम सळईवरचं ओझं काढलं की एवढे महिने ताणाखाली आत जे घडत गेलं ते विस्कटून जातं. मग ती सळई कोणाच्या कामाची नाही. आणि सळई जपायची असेल तर नेमकं उलटं करतात. ओझं तसंच ठेवायचं, भट्टी उघडायची आणि ओझ्याखालीच झटकन गार करायची. अशी चाचणी करणाऱ्यालाच हे माहीत असतं. तुम्ही दरोडेखोर शोधताय. अहो, ही तर सुईण आहे सुईण! तिने त्या सळईला..."

तो थांबला. तोंड उघडंच राहिलं. सफरचंदाकडे हात गेला होता, तो तिथेच राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही." तो पडद्याकडे वळला. मग, अगदी शांतपणे, माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका, सरांना माझंच नाव द्या."

"पण आत्ताच तू..."

"माझंच द्या. माझं आता काय व्हायचं राहिलंय?"

५

मी कोपऱ्यातल्या माझ्या खुर्चीत जाऊन बसलो. पुस्तक उघडलं आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मी कच्चा माणूस आहे. पाठीमागे कोणी हसलं की मला वाटतं मलाच हसले. एका निरपराध माणसाला मी दुखावलं होतं, आणि आता तो निरपराध माणूस गुन्हा स्वतःवर घेत होता. का घेत होता, एवढं तरी मला शोधायला हवं होतं.

माणूस असं कोणासाठी करतो? ज्याला वाचवायचं त्याच्यासाठी.

मी गणितासारखं मांडून पाहिलं. ज्याने भट्टी बंद केली त्याला तीन गोष्टी येत होत्या. भट्टीची डावीकडची खिटी उघडता येत होती. गार होण्याआधी डायल मागे घ्यायची असते हे ठाऊक होतं. आणि सळई जपायची तर वजनं काढायची नसतात हेही.

सरांना खिटी कुठे आहे हेच माहीत नव्हतं. सकाळी माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी उजवं पाखं ओढलं होतं. नाटक म्हणावं, तर त्या वेळी मिस्त्रींखेरीज त्यांच्याकडे कोणी बघतही नव्हतं. मी बघत होतो, पण मला कोणी मोजत नाही.

मिस्त्रींना खिटी आणि डायल दोन्ही येतात. पण त्यांचा हात आधी वजनांकडे गेला असता. सकाळी गेलाच होता.

पणजोबाला तिन्ही गोष्टी ऐकून माहीत होत्या. पण त्याला सळई जपण्याचं काय कारण? प्रतिस्पर्धी म्हणून आला असता तर त्याने ती नासवली असती, आणि मित्र म्हणून आला असता तर भट्टी बंदच केली नसती.

मग मला सोमवारची सकाळ आठवली. मिस्त्री वाकून सळई बघत होते. पणजोबाने आल्या आल्या विचारलं, तुटली का. सरांनी विचारलं, शाबूत आहे ना. मीसुद्धा मनात तेच विचारलं होतं.

एकटी धाकटी. तिने सळईकडे पाहिलंही नाही. जिच्यासाठी तिने वर्षभर सुट्टी घेतली नव्हती, ती सळई आहे की गेली, हे तिने विचारलं नाही. तिने एवढंच म्हटलं होतं, वजनांना हात लावू नका.

मी पुस्तक मिटलं. आपण चुकलो असू दे, असं मी मनापासून म्हटलं. एरवी मी सहज चुकतो.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तेव्हा ती प्रयोगशाळेत एकटीच होती, त्याच स्टुलावर. उघड्या भट्टीसमोर बसली होती.

"काका, पणजोबांची सही थांबवलीय म्हणे."

"हो."

"मग मी आता सरांकडेच निघाले होते." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला कळलंय. तुम्ही छत्री उघडी घेऊन आत आलात."

खरंच, छत्री उघडीच होती. मी ती मिटवली, आणि मिटवता मिटवता माझ्याच बोटाला चिमटा घेतला. ती उठून आली, बोट पाहिलं, "काही नाही झालेलं," म्हणाली, आणि तिथेच तिला रडू फुटलं. मी बोट तसंच धरून उभा राहिलो. अशा वेळी काय बोलतात ते मला कधी जमलं नाही.

"का गं?" एवढंच विचारलं.

"सळई टिकली असती, काका. मला कळत होतं ती टिकणार आहे. शनिवारी मी डायल पाहिली, रेष कशी शांत चालली होती. आणि मला भीती वाटायला लागली."

"टिकणार याची?"

"आजवर प्रत्येक वेळी काहीतरी राहिलेलं असायचं. एक लेख कमी आहे. अनुभव कमी आहे. मुलाखतीत अडखळले. प्रत्येक वेळी मी म्हणायचे, हे भरून काढू, मग मिळेल. या वेळी काहीच कमी राहणार नव्हतं. सगळं पुरं करून दिल्यावरही त्या बाई नाही म्हणाल्या असत्या, तर मग उरलं काय? मीच ना?" तिने ओढणीने नाक पुसलं. "आई रोज विचारते, लागला का निकाल. मला एकदा, फक्त एकदा तिला सांगायचं होतं की आई, यात माझं काही चुकलं नाही. कोणीतरी भट्टी बंद केली."

बाहेर कोणीतरी सायकल भिंतीला टेकवली, त्याचा आवाज आला.

"मी सळई तोडायलाच आले होते," ती म्हणाली. "तसं करायला काही लागत नाही. एक जास्तीचं वजन चढवलं की काम झालं असतं. वजन उचललंही होतं. मग ते खाली ठेवलं, डायल मागे घेतली, खिटी लावली, हातमोजे घातले, भट्टी उघडली. सगळं रीतसर. मी काय करतेय ते मला दिसत होतं आणि हात ऐकत नव्हते."

"म्हणजे सळई चांगली आहे?"

"अजून आहे. वजनं आहेत तोवर." ती भट्टीकडे बघत राहिली. "परत तापवली तर पुढे चालू करता येईल. असं करतात. फक्त मधे थांबवली होती हे सांगावं लागतं. आणि कोणी थांबवली तेही."

मी म्हणालो, वीज गेली असं सांग. मी म्हणालो, माझ्या म्हाताऱ्या हाताचा खटक्याला धक्का लागला असं सांग. खरं तर मला तसं सांगायला आवडलं असतं. काहीतरी कामाला आलो असतो.

"तुमच्याकडे किल्ली नाही, काका," ती म्हणाली. एवढ्यातही तिला थोडं हसू आलं. मग डोळे पुसून ती सरांच्या खोलीकडे गेली.

७

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खणातला पणजोबाचा कागद काढला, सही केली, आणि धाकटीला म्हणाले, "तुझी मुदत महिनाअखेरीला संपते. त्याला मी काही करू शकत नाही. आधीही करू शकत नव्हतो."

तिने त्याच दुपारी प्राध्यापिकाबाईंना लिहिलं. काय झालं ते सगळं. मी थांबवली, भीतीने थांबवली, सळई ओझ्याखाली गार झाली आहे, तुम्ही म्हणालात तर पुन्हा सुरू करते, नाही म्हणालात तर समजू शकते. पणजोबा तिच्यामागे उभा राहून वाचत होता. "'भीतीने' हा शब्द काढ," तो म्हणाला. तिने काढला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे प्रयोगशाळेतच घुटमळत होतो. मिस्त्री उगाच तेच पाने पुन्हा पुसत होते. पणजोबाने दोन सफरचंदं आणली होती आणि एकही कापलं नव्हतं. मी त्याची माफी मागायला तीनदा गेलो आणि तीनदा त्याला वेळ विचारून परत आलो. चौथ्यांदा तोच म्हणाला, "झालं काका, पोचलं."

उत्तर दुपारी आलं. धाकटीने ते मोठ्याने वाचलं, एक-एक वाक्य मराठीत करत. प्रामाणिकपणाबद्दल आभार. पण आपल्याला सांगायला खेद वाटतो, की या प्रकल्पाचा निधी मागच्या महिन्यातच काढून घेण्यात आला. जागा तेव्हाच रद्द झाली. मुलाखतीची पत्रं कार्यालयाने आधी पाठवून दिली होती, आणि रद्द झाल्याचं सगळ्यांना कळवायचं राहून गेलं. पुढच्या वाटचालीला शुभेच्छा.

पणजोबा हसायला लागला. ते हसू इतकं वाईट होतं की मिस्त्रींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मागच्या महिन्यात," धाकटी म्हणाली. "म्हणजे मी रविवारी आले तेव्हा ती जागा नव्हतीच."

मलाच वाटत होतं की या गोष्टीत आणखी एखादं वळण असेल. मी वाचलेल्या सगळ्या पुस्तकांत गुन्हेगार सापडला की निदान काहीतरी जागेवर येतं. इथे मी गुन्हेगार शोधला होता, आणि जागेवर यायला जागाच नव्हती.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आई. खोली लहान आहे आणि तिच्या आईचा आवाज मोठा.

"लागला का गं निकाल?"

"लागला."

"मग?"

"जागाच रद्द झाली, आई. तिकडे पैसे संपले त्यांचे. मागेच."

मग आई म्हणाली, "अगं, मग यात तुझं काय चुकलं? तुझं काही चुकलं नाही बाळा. ऐकतेयस ना? म्हण बघू, माझं काही चुकलं नाही."

धाकटीने ओठ हलवले. एकदा, दोनदा. आवाज आला नाही.

"ऐकतेयस ना गं?"

"ऐकतेय, आई."

"मग म्हण की."

"नंतर करते, आई," ती म्हणाली आणि फोन पालथा घालून टेबलावर ठेवला.

मिस्त्रींनी घसा खाकरला. "बाई, आता काय करायचं? सरांनी खोली आवरायला सांगितलीय." त्यांनी तरफेकडे पाहिलं, पण हात मागेच ठेवला. "उतरवू का आता?"

तिने भट्टीतल्या सळईकडे पाहिलं. सोमवारपासून पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग मान डोलावली.

मिस्त्री एक-एक चकती काढून जमिनीवर ठेवत गेले. शेवटची निघाली तेव्हा तरफ हलकी झाली. ती वर उसळू नये, डायलला धक्का लागू नये, म्हणून धाकटीने तिला तळहाताने धरून ठेवलं होतं, आणि सगळं स्थिर झालं तरी तिने हात काढला नाही.